उलटी पाचर

चीजच्या काउंटरपुढं लोरेटा थील चौपन्न नंबरचं चिटोरं हातात धरून उभी होती. नंबर पुकारला तशी ती पुढं झाली, अर्धा पौंड स्विस मागितलं, "पातळ काप हं, अगदी पातळ," असं म्हणाली, आणि तेवढ्यात पाठीमागून एक खरखरीत पुरुषी आवाज आला, "हनुवटी वर. आता हलायचं नाही. शंभरपर्यंत मोजा, पण मनातल्या मनात." लोरेटाची हनुवटी खरोखरच वर झाली. हे शब्द तिचे होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दिवसातून दहा-दहा वेळा ती ते म्हणायची, याच सुरात, आणि म्हणून झाल्यावर लिफ्टचं जाड दार ओढून घ्यायची. ती वळली. तिच्याच वयाचा एक माणूस उभा होता. चेहऱ्याची उजवी बाजू आत ओढल्यासारखी, कानाखालून गळ्यापर्यंत गुळगुळीत, केस नसलेली कातडी. गळ्यात पट्ट्याला पाण्याची बाटली अडकवलेली. तो अर्ध्या तोंडानं हसत होता. "आवाजावरून ओळखलं," तो म्हणाला. "चेहरा मी कुठं पाहायला? त्या मुखवट्याला तुम्ही लोकांनी डोळ्यांची भोकंसुद्धा ठेवली नव्हती. ऑक्टाव्हियन मोल्दोवान. सगळे टावी म्हणतात. तुम्ही मला वाचवलंत, बाई."

काउंटरमागची मुलगी चीजचं पुडकं पुढं करून दोनदा "मॅडम" म्हणाली. लोरेटानं ते घेतलं. मोल्दोवान हे नाव तिला थडग्यावरच्या नावासारखं पाठ होतं. तो मेला असं तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. दोन वर्षं ती ऑरोरा गावच्या पेपरातलं निधनवार्तांचं पान रोज वाचायची, मोल्दोवान शोधायची. नाव सापडेना तेव्हा आपलंच एखाद्या दिवशीचं पान हुकलं असेल अशी तिनं समजूत घातली आणि वाचणं सोडलं. ती काम करायची तिथं उपचाराला येणारी माणसं तरी कोण असायची? मोठ्या दवाखान्यांनी हात टेकलेली. नेहमीच्या किरणांना दाद न देणाऱ्या कॅन्सरच्या गाठी घेऊन, शिकागोहून तासभर गाडी हाकत माळरानावरच्या त्या प्रयोगशाळेत यायची. त्यांतली कितीतरी वर्षाच्या आत जायची. त्यामुळं हा गेला असं धरणं अगदी सोपं होतं. आणि आता तो तिच्यापुढं जिवंत उभा राहून बाटलीतून घोट घेत होता. किरणांनी लाळेच्या ग्रंथी जळल्या त्या जळल्याच, त्याला दर पाच मिनिटांनी तोंड ओलं करावं लागत असणार.

"कॉफी घेऊ," तो म्हणाला. "नाही म्हणायचं नाही. अठ्ठावीस वर्षं शोधतोय तुम्हाला."

रस्त्यापलीकडच्या डोनटच्या दुकानात जाईपर्यंत त्यानं फोन काढून बायकोला सांगूनही टाकलं. "रोडिका! ती सापडली! अगं ती, यंत्रवाली! आवाज! हो, माझ्या शेजारीच आहे... उद्या? विचारतो." फोनवर हात ठेवून तो म्हणाला, "उद्या दुपारी जेवायला. सारमाले करतेय ती, कोबीच्या पानांत खिमा-भात गुंडाळून. तुम्ही नाही म्हणालात तर मला घरात घेणार नाही." लोरेटा हो म्हणाली. का म्हणाली हे तिचं तिला कळलं नाही.

दुकानात गर्दी होती. खिडकीकडेच्या लांब बाकावर तो आधी बसला आणि त्याच्या उजव्या हाताला उरलेल्या जागेत ती बसली. तो भरभरून बोलत होता. तीन आठवड्यांपूर्वी प्रयोगशाळेतलं, कणांना वेग देणारं मोठं यंत्र कायमचं बंद केलं त्याची बातमी त्यानं टीव्हीवर पाहिली होती. "रडू आलं हो मला. रोडिका म्हणाली, लोखंडासाठी काय रडतोस? तुम्ही होतात तिथं?" लोरेटा होती. नियंत्रणकक्षात मागच्या रांगेत उभी होती. चार मैलांच्या वर्तुळात फिरणारे कण एकदाचे आवरते घेतले, पडद्यावरची रेघ खाली बसली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग टाळ्या कशासाठी हे न सुचून थांबवल्या. युरोपात त्याहून कितीतरी मोठं यंत्र सुरू झालं होतं. शाळेच्या मुलांना यंत्र दाखवताना ती सांगायची की अशा जातीचं पहिलं यंत्र तळहातावर मावेल एवढं होतं, आणि ऐंशी वर्षांत ते वाढत वाढत गावाएवढं झालं. मुलं विचारायची, त्यानं काय करता? ती म्हणायची, वस्तूच्या आत काय आहे ते पाहतो. आत काय आहे? आणखी लहान वस्तू. मुलं हसायची. हसले नाहीत ते फक्त तिचे वडील.

निक थील यांची एकशे चाळीस एकर जमीन होती. लोरेटा तेरा वर्षांची असताना प्रयोगशाळेसाठी जमीन घ्यायला सरकारी माणसं आली, नकाशे घेऊन. आजूबाजूच्या साऱ्या शेतांसकट एक अख्खं गावच नकाशावरून उचललं गेलं. पैसे मिळाले, रीतसर मिळाले, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण घर चाकांवर चढवून दोन मैल ओढत नेलं आणि पाहुण्या शास्त्रज्ञांना राहायला दिलं. लोरेटाच्या खोलीत, फुलाफुलांचा कागद लावलेल्या त्या भिंतींत, कुणी जपानी माणूस झोपायचा. वडील शहरात येऊन शाळेत झाडलोट करू लागले. "दिसत नाही त्या वस्तूसाठी दिसणारी वस्तू घेतली," असं ते म्हणायचे, फार न चिडता, जणू हवेबद्दल बोलताहेत. लोरेटानं तिथंच नोकरी धरली तेव्हा ते दोन महिने तिच्याशी जेवताना बोलले नाहीत. मग ती रोग्यांच्या विभागात गेली. मोठ्या वर्तुळाला कण पुरवणारं जे सरळ, लांब यंत्र होतं त्याला दर वेळी थोडा निवांतपणा असे. वर्तुळाला हवे तेवढे कण दिले की पुढच्या खेपेपर्यंत उरलेला झोत कुणाच्याच कामाचा नव्हता. तोच वळवून बेरिलियमच्या एका चकतीवर आदळवायचा, पलीकडून न्यूट्रॉन निघायचे आणि खुर्चीत बसवलेल्या माणसाच्या गाठीत घुसायचे. खोली म्हणजे मूळची माल चढवायची लिफ्ट. रोग्याला वर मुखवटा घालून, पट्टे आवळून, खुणा जुळवून बसवायचं, आणि मग लिफ्ट खाली, झोताच्या उंचीवर न्यायची. तिथं रुजू झाली त्या दिवशी घरी जेवताना ती वडिलांना म्हणाली होती, "पपा, आता तिथं माणसं बरी करतात." त्यांनी काटा खाली ठेवला. "कुठं?" "आपल्या पूर्वेकडच्या मक्याच्या पट्ट्याच्या जरा अलीकडे." त्यांनी काटा परत उचलला. मग म्हणाले, "मला दाखवशील?"

"...तर गाठ गेली," टावी सांगत होता. "डॉक्टर म्हणाले होते सहा महिने. त्या डॉक्टरालाच मी पोचवून आलो. एक कान तेवढा गेला. वर्षाच्या आत. आणि कानाबरोबर तोल. मी पाण्याच्या टाक्या रंगवायचो, माहीत आहे? त्या उंच, कंदिलासारख्या. इलिनॉयमधल्या चाळीस गावांची नावं माझ्या हातची आहेत. मेंडोटाच्या टाकीवर होतो, एम लिहून झाला, ई लिहून झाला, आणि सगळं आभाळ बशीसारखं फिरलं. पट्ट्यावर लोंबकळत राहिलो. मेहुण्यानं खाली उतरवलं. परत नाही चढलो. बावीस वर्षं बोलिंगच्या अड्ड्यावर लोकांना बूट देतोय. दुसऱ्यांच्या पायांच्या वासावर दोन पोरी शिकवल्या." तो मोठ्यानं हसला. "पण जीव वाचला! रोडिका म्हणते, देवानं कान घेतला आणि नवरा ठेवला. स्वस्तात सुटलास."

लोरेटानं कॉफीच्या पेल्याचं झाकण काढलं, परत लावलं. तिच्या डोळ्यांपुढं पाचर होती. पांढऱ्या, टणक प्लास्टिकची, पावाच्या तिरक्या कापासारखी, एका कडेला जाड आणि दुसरीकडे पातळ. जाड कडेतून झोत कमी जातो, पातळ कडेतून जास्त. जी जागा जपायची तिकडे जाड कड. मोल्दोवानच्या बाबतीत जपायचा होता तो कान आणि कानाच्या मागचा भाग. पाचरीवर काळ्या शाईनं बाण काढलेला असे. त्या सोमवारी त्याच्या उपचाराचा दुसरा टप्पा सुरू झाला, खुर्ची फिरवायची होती, आणि खुर्ची फिरली की बाणही फिरवायचा. तिनं खुर्ची फिरवली. दोघांनी मिळून तपासायची पद्धत होती, पण जोडीदारीण गालगुंडांनी घरी पडली होती. प्रमुख ब्रँट सहीचा कागद घेऊन आले, म्हणाले, "तू लावलीस ना? मग झालं," आणि सही करून गेले. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. शुक्रवारी पाचर बसवताना बाण तिच्याकडं, म्हणजे उलटा, तोंड करून होता; चार दिवस कानाकडं पातळ कड गेली होती. ती कितीतरी वेळ बाणाकडं पाहत राहिली. खुर्चीत मोल्दोवान पट्टे आवळायची वाट पाहत बसला होता आणि शीळ घालत होता. मुखवट्याच्या आतून.

तिनं पाचर नीट लावली. उपचार झाला. मग ती ब्रँटच्या खोलीत गेली. ते फोनवर होते, त्यांनी एक बोट वर केलं, थांब म्हणून. ती थांबली. फोन लांबला. पाच मिनिटं, सात मिनिटं. तेव्हा फोन लवकर आटोपला असता तर ती नक्की बोलली असती, असं तिला पुढं अनेक वर्षं वाटत आलं, आणि त्याहून पुढची अनेक वर्षं, की बोलली नसती. ती बाहेर पडली. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये शुक्रवारचं तळलेल्या माशांचं जेवण होतं. वडील जुन्या शेजाऱ्यांच्या टेबलावर बसले होते, ज्यांची शेतं त्याच नकाशात गेली होती त्यांच्यात. ती आत आली तशी ते तिच्याकडं बोट दाखवून मोठ्यानं म्हणाले, "ही पाहा. माझ्या शेतात आता कॅन्सरवाली माणसं बरी होतात. ही करते." म्हातारे वळून पाहू लागले. कुणी टोपी काढली. सोळा वर्षांत वडिलांचा चेहरा असा उघडलेला तिनं पाहिला नव्हता. तिनं ताट घेतलं, मासा घेतला, कोबीची कोशिंबीर घेतली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. सोमवारी तिनं कागदावर काही लिहिलं नाही. वर्षअखेरीस बदली मागून ती मोठ्या यंत्राच्या पंपांवर गेली, जिथं मुखवटे नव्हते. वडील आठ वर्षांनी वारले, समाधानानं वारले. ते समाधान कशावर उभं आहे हे फक्त तिला माहीत होतं.

आणि आता ती बोलू लागली. खिडकीबाहेर पाहत, खालच्या आवाजात, न थांबता. सोमवार ते गुरुवार, पाचर, बाण, जाड कड, पातळ कड, ब्रँटचं बोट, सगळं. "तुमचा कान देवानं नाही घेतला, मिस्टर मोल्दोवान. बहुतेक मी घेतला," असं म्हणून ती थांबली. तिनं वळून पाहिलं. तो डोनटवरची साखर बोटानं टिपून खात होता. मग तिची नजर जाणवून तो दचकला, सारं अंग फिरवून तिच्याकडं झाला. "काही म्हणालात? माफ करा, तुम्ही माझ्या मेलेल्या बाजूला बसलाय. या गर्दीत काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मघापासून मीच बडबडतोय म्हणून कळलं नाही."

त्या क्षणी उठून निघून जाता आलं असतं. काही नाही, कॉफी छान आहे, एवढं म्हटलं तरी भागलं असतं. बोलून झालंच होतं, आपल्याकडून आपण बोललो होतो. एखाद्याला ऐकू आलं नाही हा आपला दोष थोडाच, असंही तिच्या मनात येऊन गेलं आणि त्या विचाराची तिला शिसारी आली. त्याला ऐकू का येत नव्हतं? ती उठली. बाकाला वळसा घालून पलीकडे गेली, तिथं बसलेल्या बाईला म्हणाली, "जरा सरकता का," आणि त्याच्या डाव्या कानाशी बसून तिनं ते सगळं पहिल्यापासून परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते लहान झालं होतं. आठ-दहा वाक्यांत संपलं.

टावीनं बाटलीचं बूच उघडलं. पाणी प्याला नाही.

"चार दिवस," तो म्हणाला.

"चार."

"म्हणजे त्यानंच कान गेला?"

"माहीत नाही. बरोबर लावली असती तरी गेला असता, कदाचित. तुमची गाठच तशा जागी होती. आता कुणीच सांगू शकणार नाही."

"म्हणजे तेही तुम्ही मला धड देत नाही." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी तुम्हाला शिव्या घालायच्या तर त्याही अर्ध्याच. टाकीवरून उतरलो तेव्हा मी तीस वर्षांचा होतो, बाई. तीस. मी वरून तीन परगणे बघायचो. तेव्हा का नाही सांगितलंत?"

वडिलांचं ती सांगणार होती. मासा, टोप्या, तो उघडलेला चेहरा. ओठांपर्यंत आलेलं तिनं गिळलं. मेलेल्या माणसाला पुढं करून आपण मागं उभं राहायचं, हे तिला नको वाटलं. "घाबरले," ती म्हणाली. आणि ते खरंही होतं.

"आणि आज घाबरला नाहीत. आज मी चीजच्या दुकानात भेटलो, हसलो, कॉफी पाजली. आज तुम्हाला हलकं व्हायचंय." तो उठला. जॅकेटची चेन त्याच्या बोटांना दोनदा सापडली नाही. मग वाकून, टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाला, "ऐका. रोडिका आत्ता कोबीची पानं उकडत असेल. तुम्ही उद्या एक वाजता यायचं. जेवायचं, हसायचं आणि हे तिच्यापुढं काढायचं नाही. ती दर वर्षी चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावते, एक माझ्या जीवाची आणि एक त्या कानाची. देवाशी तिचा ठराव झालाय. त्यात तुमची ती पाचर मी घुसू देणार नाही. कळलं?" डोनटच्या पाकिटामागं पत्ता लिहून त्यानं तिच्यापुढं टाकला आणि गेला. गाडीत बसला. गाडी बराच वेळ सुरू झाली नाही. काचेतून तिला त्याचा गुळगुळीत गाल दिसत होता, स्टिअरिंगवर टेकलेला.

रविवारी ती गेली. जावं की जाऊ नये यावर सकाळभर तिनं विचार केला असं नाही. गेलं पाहिजे एवढंच डोक्यात होतं, शाळेत शिक्षा भोगायला थांबतात तसं. फॉक्स नदीच्या अलीकडचं विटांचं छोटं घर. दार उघडताच रोडिकानं तिचे दोन्ही हात धरले, उलटसुलट करून पाहिले आणि तिला काही कळायच्या आत त्यांचे मुके घेतले. ठेंगणी, भरदार बाई, पिठाचे हात, डोळ्यांत पाणी. "हेच हात," ती म्हणाली. "देवा, हेच." टावी मागं उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं लोरेटाकडं पाहिलं नाही. जेवण फार झालं. कोबीच्या पानातले सारमाले, वर आंबट साय, मक्याच्या पिठाचा पिवळाधमक गोळा दोऱ्यानं कापून वाढलेला. रोडिका ताटात घालत राहिली, लोरेटा खात राहिली. प्रार्थनेत रोडिकानं देवाचे आभार मानले, मग त्या यंत्राचे, मग यंत्र बांधणाऱ्यांचे, मग ज्यांच्या जमिनीवर ते उभं राहिलं त्यांचे. हे शेवटचं तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे, बहुतेक बातम्यांत ऐकलं असावं. लोरेटानं ग्लासातलं पाणी एका दमात संपवलं. टावीनं तिचा ग्लास परत भरला. दोघं अगदी मुकाट, एकाच कटातले असल्यासारखे.

"एवढे गप्प का तुम्ही दोघं?" रोडिका म्हणाली. "काल फोनवर तर याची टकळी थांबत नव्हती."

"खातोय," टावी म्हणाला.

जेवणं झाल्यावर तो पोरींचे फोटो आणायला वर गेला. जिन्याच्या कठड्याला धरून, एकेक पायरी, पाय चाचपत. लोरेटा ताटं घेऊन स्वयंपाकघरात आली. रोडिकानं नळ सोडला, बाह्या वर केल्या. पाठमोरीच बोलू लागली, भांडी घासत, सहज. "तुम्हाला एक विचारू? माझ्या मनात फार वर्षांचं आहे. इथं याला विचारलं की चिडतो. तिथं तुमच्याकडे एवढी माणसं यायची, याच जागेच्या गाठीची. त्यांचे सगळ्यांचेच कान असे जायचे का?"

लोरेटाच्या हातात ओलं ताट होतं. वर माडीवर टावीची पावलं वाजत होती. हो म्हणायचं, एवढंच. हो, बऱ्याच जणांचे जायचे. एक शब्द, आणि तो दयाळू शब्द होता, टावीला हवा होता तो शब्द, त्यानं मागून घेतलेला. कालपर्यंत गप्प बसणं तिचं होतं. आज ते त्याचं होतं आणि तिनं फक्त सांभाळायचं होतं. रोडिका हात न थांबवता वाट पाहत होती. पण तिची मान ताठ झाली होती, आणि ताठ झालेल्या माना लोरेटाला ओळखता येत. किती वर्षं त्या मानांचे पट्टे तिनं आवळले होते. ही बाई उत्तराला तयार होऊन बसली होती. अठ्ठावीस वर्षं दुसरी मेणबत्ती लावताना दर वेळी हिच्या मनात हा प्रश्न असणार.

"नाही," लोरेटा म्हणाली. "सगळ्यांचे नाही."

रोडिकानं नळ बंद केला. हात पुसले. जिन्याकडं एकदा कान दिला, स्वयंपाकघराचं दार हलकेच लोटून घेतलं आणि एक खुर्ची ओढून तिच्यापुढं ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "आणि हळू बोला. त्याला कळता कामा नये की मला कळलं."